उबदार पिवळा, ४७ अंश

ज्या गावात मे महिन्यात पारा ४७ अंश ओलांडतो, दुपारी बारा ते पाच अख्खं शहर दार लावून बसतं आणि कूलरची टाकी भरता भरता बाईमाणसाचा जीव जातो, त्या चंद्रपुरात रंगाच्या दुकानातला पोरगा शेडकार्ड उघडून सांगतो, "हा घ्या काकाजी, वॉर्म यलो. घरात पाय ठेवला की कसं उबदार वाटते." आणि गिऱ्हाईक मान डोलावतं! ऊब ही वस्तू आमच्याकडे सूर्य फुकट पुरवतो. रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवून बघा, शेडकार्डाची गरज उरणार नाही. एप्रिल लागला की चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी यांच्यात कोण जास्त तापतं याची चुरस सुरू होते, आणि ब्रह्मपुरी अर्ध्या अंशानं पुढे गेली तर सकाळी पेपर वाचताना आम्हाला चक्क वाईट वाटतं. अशा लोकांना उबदार रंग विकणाऱ्याला मी विक्रेता म्हणणार नाही, कीर्तनकार म्हणेन.

हे शेडकार्ड ज्यानं लिहिलं त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असणार. पहाटे उठून शेकोटी पेटवायची, बाहेर बघायचं तर सगळं करडं, मग निदान दिवाणखाना तरी पिवळा असावा, हे समजू शकतं. तिथून ते कार्ड मुंबईत आलं, मुंबईहून नागपूरला, आणि नागपूरहून बसनं आमच्या तुकूम भागातल्या दुकानात. वाटेत कुठंही कुणी "अहो, पण तिकडे ऊन असतं" असं म्हटलं नाही.

आमच्या गल्लीत पिवळा आणला तो समोरच्या काकाजींनी. वेकोलि या कोळसा कंपनीतून ओव्हरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस. सारी नोकरी भूमिगत खाणीत गेली. टोपीवरच्या दिव्याचा उजेड पडेल तेवढंच जग. त्यामुळे घर रंगवायची वेळ आली तेव्हा त्यांनी कुणालाही न विचारता जाहीर केलं, "पिवळा. एकदम उन्हासारखा. काळं मी लय पाहिलं." या युक्तिवादाला उत्तर नव्हतं, पण घरात चार माणसं असली की उत्तराची वाट कुणी बघत नाही. काकूंना पिस्ता हवा होता. पुण्याच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर ग्रे सुचवला. तिकडे म्हणे आता सगळे ग्रेच लावतात. काकाजी मोबाइलमध्ये तोंड घालून ओरडले, "राखेचा रंग विकत कायले घ्यायचा? तो इथं रोज संध्याकाळी वीजकेंद्रातून आपल्या पायानं येऊन बसते!" सूनबाई म्हणाल्या, बाबा, एकच भिंत पिवळी करा, बाकीच्या पांढऱ्या ठेवा, त्याला अॅक्सेंट म्हणतात. काकाजींना हा कंजूसपणा वाटला. तीन भिंतींनी काय पाप केलं?

बाहेरच्या माणसाला वाटेल, रंग निवडणं ही नवराबायकोच्या भांडणापुरती गोष्ट आहे. चंद्रपुरात तसं नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथं येऊन दीक्षा दिली. तेव्हा निळ्याला इथं इतिहास आहे. भगव्याला त्याचा आहे, हिरव्याला त्याचा. कोणताही रंग लावा, निवडणुकीच्या वर्षी कुणीतरी येऊन "वा, आपलेच दिसता" म्हणणार किंवा काही न म्हणता निघून जाणार. काकाजींचा हिशेब असा की पिवळा बिनपक्षी. हा हिशेब आठवडाही टिकला नाही. पहिला हात वाळतो न वाळतो तोच गळ्यात पिवळा दुपट्टा घातलेले दोन तरुण फाटकाशी थांबले आणि हसून "जय सेवा" म्हणाले. जय सेवा हा गोंडांचा नमस्कार, पिवळा त्यांचा रंग, आणि हे गाव गोंड राजांनीच वसवलेलं. काकाजींनीही हात जोडून "जय सेवा" म्हटलं आणि पाणी विचारलं. पुढच्या आठवड्यात धनगर समाजाच्या मेळाव्याची वर्गणी आली, आणि मागणाऱ्यानं भिंतीकडे असं आपलेपणानं बघितलं की पावती फाडावीच लागली. पिवळा बिनपक्षी नसतो, तो सर्वपक्षी असतो. खर्च वाढतो, एवढंच.

एका दुपारी तर बॅग घेतलेले एक गृहस्थ सरळ पायऱ्या चढून आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "खानसामा कुठाय? साहेबांचं बुकिंग आहे." त्यांचा दोष नाही. वर पिवळा आणि खाली दोन फुटांचा तांबडा पट्टा, हा या राज्यातल्या सरकारी इमारतींचा गणवेश आहे. विश्रामगृह, तहसील, पाटबंधारे खात्याचं बंद पडलेलं उपकार्यालय, सगळे एका आईची लेकरं. काकाजींनी तो पट्टा चिखलाचे शिंतोडे दिसू नयेत म्हणून मारून घेतला होता, आणि सरकारनंही बहुधा त्याचसाठी. गृहस्थांना चहा मिळाला. खोली मिळणार नाही हे कळल्यावर त्यांनी तक्रारवही मागितली.

पिवळ्याचा सरकारशी आणखी एक संबंध आहे. १९९९ पासून आपल्या राज्यात रेशनकार्डं तीन रंगांची: पिवळं, केशरी, पांढरं. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांच्या आत असेल तर पिवळं, लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. काकाजींचं कार्ड पांढरं आणि घर पिवळं. घरानं आणि कार्डानं आपसात रंग बदलून घेतले असते तर काकूंना तांदूळ मिळाला असता आणि मलाही डोळे न मिचकावता खिडकीत बसता आलं असतं.

आता पेंटरभाऊंकडे येतो, कारण खरी गोष्ट त्यांच्या हातात होती. मूल तालुक्याकडचा माणूस, हाडं लांब, बोलणं थोडं, आणि दोन्ही कानांवर पेन्सिल. ठेक्यानं की मजुरीनं हा प्रश्न दीड तास चालला आणि शेवटी ठेक्यानं ठरलं. मग त्यांनी भिंतीवर तळहात फिरवला, हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "पुट्टी लागन. मंग प्रायमर. मंग दोन हात." हात म्हणजे थर. काकाजी म्हणाले, एका हातात नाही भागणार? पेंटरभाऊ म्हणाले, "भागन. पण मंग कारा दिसन ना जी खालून." काळा हा शब्द काकाजींना पुरेसा होता. दोन हात कबूल झाले.

रंगाची बादली कोणत्या कंपनीची घ्यायची, हे पेंटरभाऊंनी मोठ्या तळमळीनं सांगितलं. ही तळमळ बादलीच्या आतच असते. झाकण उघडलं की पेंटरसाठी टोकन निघतं, टोकनं साठली की कधी पैसे, कधी मिक्सर. घरमालक शेडकार्ड बघून रंग निवडतो आणि पेंटर टोकन बघून. दोघांचं एकमत झालं की त्याला दर्जा म्हणतात. पेंटरभाऊंच्या घरी दोन मिक्सर आहेत असं मला नंतर कळलं. तिसऱ्याला काकाजींच्या वरच्या मजल्यानं हातभार लावला.

पण रंग कालवताना बघावं तर तो माणूस वेगळाच. दुकानातल्या मशीननं थेंब मोजून शेड काढून दिली होती, तरी बादली आली तशी त्यांनी ती भिंतीला लागू दिली नाही. काडीनं तळापर्यंत ढवळली. अंगठा बुडवला, नखावर रंग पसरवला, आणि नख उन्हात धरून डोळा बारीक केला. मग खिशातून स्टेनरची चपटी बाटली काढून तांबड्याचे दोनच थेंब टाकले आणि पुन्हा ढवळलं. परत नख. काकाजींनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "मशीनचा पिवरा कच्चा असते. त्याले थोडा पिकवावा लागते." मशीन कितीही हुशार असो, पिवळा पिकवण्याची सोय तिच्यात नाही.

त्यांचे वडील पोताई करत. तेव्हा पुट्टी नव्हती, टोकन नव्हतं. चुन्याच्या कळ्या रात्री ड्रममध्ये विझवायच्या, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायच्या, हाताला लागू नये म्हणून त्यात मीठ किंवा डिंक घालायचा, आणि हौस असेल तर मूठभर पिवडी. नाहीतर नीळ. झाडीपट्टीतली कवेलूची घरं अजून निळी दिसतात ती या निळीमुळे. पोताईचा मुहूर्त आमच्याकडे दिवाळीचा म्हणतात, पण खरा असतो मंडईचा. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, आणि रात्री वडसाच्या कंपनीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. पाहुणा नाटकाला आलेला असतो, पण त्याचं लक्ष भिंतीकडे असतं, कारण निम्मे पाहुणे सोयरीक बघायला आलेले असतात. भिंत पोतलेली नसेल तर पोरीचं लग्न एक मंडई लांबतं. काकाजींच्या मूळ गावची मंडई तोंडावर होती, आणि तिथले सगळे नातेवाईक चंद्रपूरला एक मुक्काम करून जाणार होते. घाई त्याची होती.

काम चालू असताना मी जाऊन बसत असे आणि पेंटरभाऊंच्या ज्ञानात भर घालत असे. ही माझी जुनी खोड. त्यांना सांगितलं की पूर्वी युरोपातले मोठमोठे चित्रकार 'इंडियन यलो' नावाचा रंग वापरायचे, आणि १८८३ साली कलकत्त्याच्या त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावाबद्दल लिहून कळवलं की तिथले गवळी गायींना आंब्याची पानं खाऊ घालतात आणि त्यांच्या मुताला आटवून हा रंग काढतात. पेंटरभाऊंनी रोलर थांबवला. "मंग वास येत असन." आतून काकू म्हणाल्या, "गोमूत्र आहे म्हणजे शुद्धच की! आपल्यात आहे का ते?" आपल्यात नव्हतं. काकूंच्या मनातून कंपनी थोडी उतरली.

दुसऱ्या दिवशी मी पिवळ्या मातीवर बोललो. पिवळ्या मातीला रंग येतो तो लोखंडाच्या गंजामुळे, आणि तीच माती भट्टीत भाजली की पाणी उडून तांबडी होते, गेरूसारखी. भट्टी तीनशे अंशांच्या आसपास लागते. पेंटरभाऊंनी क्षणभर बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मीही बघितलं. अजून अडीचशे अंश कमी पडतात. प्रयत्न चालू आहे.

व्हॅन गॉगचं मात्र मी कुणाजवळ बोललो नाही. १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावी त्यानं एक घर भाड्यानं घेतलं, बाहेरून पिवळं रंगवून घेतलं, आणि मोठ्या प्रेमानं मित्राला, गोगँला, राहायला बोलावलं. पाहुणा जेमतेम नऊ आठवडे टिकला आणि प्रकरण कान कापण्यापर्यंत गेलं. काकाजींचे व्याही मंडईच्या आधी मुक्कामाला यायचे होते. कशाला उगाच?

दुसरा हात झाला आणि दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइट लागल्या, तेव्हा पिवळ्यानं आपला गुण दाखवला. शेडकार्डावरचा चौकोन नखाएवढा असतो, एकटा असतो, गुपचूप बसलेला असतो. तोच चार भिंतींना लावला की त्या भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, पिवळ्यावर पिवळा चढतो, आणि कार्डावर लाजरा दिसलेला रंग खोलीत येऊन आरडाओरडा करतो. म्हणून जाणता पेंटर सांगतो की मनातल्या रंगाच्या दोन पायऱ्या खालचा घ्या. पेंटरभाऊंनी सांगितलंही होतं. पण काकाजींना ऊन पाहिजे होतं, उन्हाची कवडसा-आवृत्ती नव्हे. परिणाम असा झाला की खोलीत बसलेला प्रत्येक माणूस पिवळा दिसायला लागला. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथं डोळे ठणठणीत असलेल्यालाही समोरचा काविळीचा दिसायचा. काकूंची पांढरी साडी मलईची झाली, चहा दूध न घालता दुधाळ झाला. व्याही आले, सोफ्यावर टेकले, आणि विहीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट बघून विचारलं, "अहो, तुम्ही परवा बाहेर काय खाल्लं होतं?" ते बिचारे गॅलरीत आले की बरे व्हायचे आणि आत गेले की पुन्हा आजारी पडायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर रक्त तपासून घेतलं. अहवाल उत्तम आला, फी गेली.

व्याही यायच्या आदल्या रात्रीचा प्रकार याहून मोठा. धान पिकायच्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी दिव्यांभोवती तुडतुड्यांचे थवे येतात, हे ठाऊक असलेला माणूस बाहेरचा शेवटचा हात संध्याकाळी मारत नाही. पण मुहूर्त होता. रंग ओला, वर दोनशे वॉटचा फोकस लावलेला, आणि भिंत पिवळी! किडीला पिवळ्याचं वेड असतं. म्हणून तर कृषी विद्यापीठवाले कापसात आणि मिरचीत पिवळे चिकट सापळे लावायला सांगतात. मावा, पांढरी माशी आपण होऊन येते आणि चिकटते. शेतकरी एकरी असे मोजके सापळे लावतो. काकाजींनी नऊशे चौरस फुटांचा एकच लावला. सकाळी उठून बघतो तर भिंतीवर तीळ पेरल्यासारखं झालेलं. आजूबाजूच्या कुणाच्याही घरात त्या रात्री एक चिलट आलं नाही, आणि गल्लीनं त्याबद्दल काकाजींचे मनोमन आभार मानले. पेंटरभाऊंनी शांतपणे हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "टेक्चर आला ना जी. याचे लोक एगरे पैसे देतेत."

कोरपन्याहून काकूंचे भाऊ आले ते फाटकातच थबकले. कापूस-सोयाबीनवाला माणूस. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांचं सोयाबीन पिवळ्या मोझॅकनं गेलं. हिरवं उभं शेत बघता बघता पिवळं पडलं आणि शेंगा भरल्याच नाहीत. त्या सालानंतर त्यांच्या लेखी पिवळा हा रंग राहिलेला नाही, तो पंचनामा आहे. त्यांनी भिंतीकडे बघितलं, भिंतीवरची पांढरी माशी ओळखली, आणि भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विमा काढला होता ना?"

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट कुठल्याही गावची झाली असती. पण आमच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत घराचा रंग मालक निवडतो आणि शेड परिसर ठरवतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर चौथं आलं. इतर कुठल्या गुणवत्ता यादीत आमचं नाव इतकं वर असल्याचं मला आठवत नाही. तर एकच पिवळा घ्या. तो तुकूमला लावला की दिवाळी ते होळी त्यावर कोळशाच्या धुळीचा काळसर हात चढतो, हा तिसरा हात, त्याची मजुरी लागत नाही. तोच गडचांदुराकडे सिमेंटच्या पट्ट्यात लावा. वर्षभरात त्याचा बदामी होतो, आणि पाऊस चांगला झाला तर थोडा टणकही. तोच उचलून गडचिरोलीत आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर न्या. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जाऊन येऊन त्याचा केशरी करून टाकतात. तिथल्या एका किराणा दुकानदारानं मला अभिमानानं सांगितलं की त्यानं पिवळाच लावला होता, पण आता सगळे विचारतात हा इतका छान भगवा कुठून आणला. एका बादलीत तीन शेड, आणि शेडकार्ड छापणाऱ्यांना याचा पत्ता नाही.

धूळ बसेपर्यंत तरी बरं असतं, कारण ती सगळीकडे सारखी बसते आणि माणूस म्हणू शकतो की हाच रंग आहे. घात होतो तो मृगाच्या पहिल्या पावसात. गच्चीवर आणि सज्जांवर साठलेली काळी भुकटी पाण्याबरोबर निघाली आणि काकाजींच्या दर्शनी भिंतीवरून ओघळत खाली आली. कुठं जाड, कुठं बारीक, मध्येच फुटून दोन झालेले, पुन्हा एकत्र आलेले, असे काळे पट्टे. पिवळ्यावर काळे पट्टे! पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि गल्लीतलं पहिलं पोर जे ओरडलं ते मी सांगायला नको. ज्या जिल्ह्यात ताडोबा आहे, जिथं चौकात वाघ, स्टेशनच्या भिंतीवर वाघ, सहकारी पतसंस्थेच्या कॅलेंडरवर वाघ, तिथं आता एक दुमजली वाघ उभा राहिला. लांबून आलेले लोक जिप्सीत बसून, पहाटेची झोप मोडून, हजारो रुपये भरून जे बघायला तरसतात, ते आमच्या गल्लीत फाटकाबाहेरून मोफत दिसत होतं, शेपटीची तेवढी उणीव होती.

यात एक गंमत आहे जी काकाजींना सांगून मी त्यांचं सांत्वन करायचा प्रयत्न केला. हरणाच्या डोळ्याला तांबूस-पिवळा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. म्हणून तर एवढा भडक वाघ गवतात बसला तरी चितळाला दिसत नाही. म्हणजे काकाजी, चितळाच्या दृष्टीनं तुमचं घर पिस्ता कलरचं आहे. काकाजी काही बोलले नाहीत. काकू मात्र पहिल्यांदाच त्या भिंतीकडे कौतुकानं बघून म्हणाल्या, "मी तर तेच म्हणत होते."

काकाजींचं दुःख वेगळंच होतं. २०१८ साली चंद्रपूर आणि बल्लारशाह या दोन स्टेशनांना देशातल्या सुंदर स्टेशनांचं पहिलं बक्षीस मिळालं, १० लाख रुपये. कशाबद्दल? भिंतींवर वाघ रंगवल्याबद्दल. "त्याईनं चित्रकार लावले, पैसे मोजले," काकाजी म्हणाले, "माह्या घरी देवानं स्वतः काढला, तर महानगरपालिकेचा माणूस येऊन म्हणते घर साफ ठेवा."

त्याच सुमारास मला एका लग्नासाठी धानोरा तालुक्यात जावं लागलं. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, त्यामुळे रस्त्यावर डोळ्याला बरीच विश्रांती मिळते. बहावा झडून गेला होता. नाहीतर एप्रिल-मेमध्ये ते झाड जो पिवळा काढतं त्याच्यापुढे कुठलीही बादली उघडू नये. ज्या घरी उतरलो तिथं कुडाच्या भिंती होत्या, बांबूच्या ताटव्यांवर माती लिंपलेली, आणि वरून नाल्याकाठच्या पिवळ्या मातीचा हात. इथं हात म्हणजे खरोखरच हात. बोटांचे अर्धगोल उमटले होते, एकाशेजारी एक, घरच्या बाईच्या खांद्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत पोचतील एवढेच उंच. त्यावरचा भाग तिच्या उंच मुलीनं लिंपला होता, कारण तिथले अर्धगोल मोठे आणि घाईतले होते. उन्हात ती भिंत डोळ्याला कुठं बोचत नव्हती. मी भारावून जाऊन शहरी माणूस जे बोलतो ते सगळं बोललो: किती सुंदर, किती थंड, हे आमच्याकडे मिळत नाही. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे ऑइलपेंट केवढ्याले पडते जी? ही माती दरसाल कोण लावन? माहे खांदे गेले." शेजारी त्यांचं मंजूर झालेलं घरकुल अर्धं बांधून झालं होतं. त्याला कोणता रंग देणार विचारलं, तर मुलगी पटकन म्हणाली, गुलाबी.

परत आलो तेव्हा काकाजींकडे पेंटरभाऊ पुन्हा हजर. पट्टे घासून, धुऊन, सज्जाखाली पाणी तोडायला सिमेंटची पट्टी काढून एक हात मारायचं ठरलं होतं. ही पट्टी आधीच काढली असती तर वाघ जन्मालाच आला नसता, पण ती काढायचं कुणाच्या ठेक्यात नव्हतं. गल्लीतली पोरं फाटकावर लटकून हळहळत होती. ऑटोवाल्यांनीही नाराजी कळवली; "वाघवाल्या घराजवळ" एवढं सांगितलं की सवारी बरोबर पोचायची.

काम झालं, आणि उरली अर्धी बादली. उरलेला रंग फेकणं हे मराठी माणसाच्या रक्तात नाही, आणि झाकून ठेवला तर उन्हानं त्यावर साय धरते. म्हणून तो त्याच आठवड्यात संपवायचा असतो. आधी फाटक झालं. मग कुंड्या, कुंड्यांनंतर तुळशीवृंदावन, पाण्याचा ड्रम, काकाजींच्या जुन्या स्कूटरचं स्टेपनीचं झाकण, आणि जिन्याखालचं मीटरचं खोकं, ज्यावर वीज कंपनीचा माणूस येऊन हे कोणाच्या परवानगीनं केलं असं विचारून गेला. कूलर काकूंनी जीव टाकून वाचवला. तरी बादलीत बोटभर उरलाच. काकाजी ती घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"तुमच्या गॅलरीची ग्रिल गंजून ऱ्हायली ना?"

मी म्हणालो, काकाजी, ग्रिलला ऑइलपेंट लागतो, हा भिंतीचा रंग आहे, टिकणार नाही.

मागून पेंटरभाऊ म्हणाले, "टिकते जी. आधी दोन हात प्रायमर मारू," आणि त्यांनी ग्रिलची मापं घ्यायला कानावरची पेन्सिल काढली.